अमेरिकेत मेल चोरीला गेला? तुमच्या नावावर कोणी भलतंच काही उघडू नये म्हणून काय काय करायचं

मेलबॉक्सचं दार वाकवलेलं दिसतंय, किंवा कॉम्प्लेक्समधल्या सगळ्या बॉक्सचा पुढचा पत्राच उघडा पडलाय, किंवा वरून काहीच दिसत नाहीये पण चार दिवस एकही पत्र नाही आणि बँकेने पाठवलेलं कार्ड एव्हाना हातात असायला हवं होतं. असं काही झालं की बहुतेक जण आधी पोस्टात फोन लावतात, मग अपार्टमेंटच्या ऑफिसला, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतात की अजून कोणाचं काही गेलंय का, आणि यात दिवस निघून जातो. हे सगळं करायचंच आहे, पण नंतर. चोराला तुमच्या पत्रांतून नाव, पत्ता, जन्मतारीख, अकाउंट नंबर, सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन) आणि सही केलेले चेक हवे असतात, आणि ते हाती लागले की तो एकतर लगेच वापरतो नाहीतर दुसऱ्याला विकून मोकळा होतो. त्यामुळे आधी दारं बंद करा, तक्रारी त्यानंतर.

अजून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण यात लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. क्रेडिट फ्रीझ, म्हणजे तुमचा क्रेडिट रिपोर्ट नव्याने कर्ज देणाऱ्यांना बघता येणार नाही असा बंद करणं, ते केलं म्हणजे काम संपलं असं नसतं. फ्रीझ असेल तर तुमच्या नावावर नवीन कर्ज किंवा नवीन कार्ड काढणं खूप अवघड होतं, पण चालू अकाउंटमधून पैसे काढणं, चेक धुवून वटवणं, तुमच्या नावाने टॅक्स रिफंड मागणं, तुमच्या एसएसएनवर नोकरी करणं, तुमच्या इन्शुरन्सवर उपचार घेणं यातलं काहीही त्याने थांबत नाही. प्रत्येक दाराला वेगळं कुलूप आहे, आणि कुठलं आधी लावायचं ते चोरीला गेलेल्या पाकिटात काय होतं त्यावर ठरतं.

आधी कागद घ्या आणि काय काय गेलं असेल ते लिहा

घाबरून दहा ठिकाणी फोन करण्याआधी पंधरा मिनिटं यासाठी काढा. तुम्ही यूएसपीएसचं, म्हणजे पोस्टाचं, इन्फॉर्म्ड डिलिव्हरी आधीच चालू केलेलं असेल तर काम खूप सोपं आहे, रोज सकाळी येणाऱ्या ईमेलमध्ये त्या दिवशी येणाऱ्या पाकिटांचे फोटो असतात, ते मागच्या काही दिवसांचे काढून बघा आणि हातात आलेल्या पत्रांशी ताडून बघा. नसेल चालू केलेलं तर डोक्याला ताण द्या: बँकेचं आणि कार्डांचं स्टेटमेंट कुठल्या तारखेला निघतं, कुठलं कार्ड एक्स्पायर होत आलं होतं, कोणाचा चेक यायचा होता, इमिग्रेशनचं काही यायचं होतं का, जानेवारी-फेब्रुवारी असेल तर डब्ल्यू-२ आणि १०९९ हे कमाईचे टॅक्स फॉर्म आले होते का. तुम्ही स्वतः पाठवलेली पत्रंही यात धरा. मेलबॉक्सचा लाल झेंडा वर करून ठेवलेला भाड्याचा चेक हा चोराच्या दृष्टीने आलेल्या मेलपेक्षाही चांगला माल असतो.

मग यादीकडे बघून ठरवा. नुसते कॅटलॉग, जाहिराती, कूपन गेले असतील तर नाव-पत्ता गेला, तो तसाही लपलेला नसतो. प्री-अप्रूव्ह्ड कार्डाच्या ऑफर किंवा स्टेटमेंट गेली असतील तर फ्रीझ करा आणि त्या अकाउंटवर लक्ष ठेवा. चेक, चेकबुक किंवा नवं कार्ड गेलं असेल तर बँकेचा फोन सगळ्यात आधी, फ्रीझच्याही आधी. आणि एसएसएन असलेला कुठलाही कागद गेला असेल तर खाली लिहिलेलं जवळजवळ सगळंच करावं लागेल. नक्की काय गेलं ते कळायला मार्गच नसेल तर वाईटात वाईट धरून चला, कारण यातल्या बहुतेक गोष्टी फुकट आहेत आणि नंतर सहज काढता येतात.

क्रेडिट फ्रीझ, तिन्हीकडे

इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन क्रेडिट ब्युरो, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि कार्डांची नोंद ठेवून त्याचा रिपोर्ट बँकांना देणाऱ्या कंपन्या. तिघांकडे वेगवेगळं जाऊन फ्रीझ करावं लागतं, एकाकडे केलं म्हणून दुसऱ्याकडे आपोआप होत नाही. २१ सप्टेंबर २०१८ पासून हे कायद्यानेच फुकट आहे, लावायलाही आणि काढायलाही. ऑनलाइन किंवा फोनवर सांगितलं तर एका कामकाजाच्या दिवसात लावावंच लागतं आणि काढायला सांगितलं तर एका तासात काढावं लागतं. पत्राने पाठवलं तर तीन कामकाजाचे दिवस, पण मेलच चोरीला जातोय म्हटल्यावर पत्राच्या वाटेला जाऊच नका.

वेबसाइटवर गेल्यावर एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. फ्रीझ असं शोधत गेलात तरी मध्ये मध्ये दुसरीच बटणं मोठी दिसतात, क्रेडिट लॉक, मॉनिटरिंग, महिन्याचा प्लॅन, पहिले काही दिवस फुकट वगैरे. लॉक हे त्या कंपनीचं प्रॉडक्ट आहे, फ्रीझ हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, आणि पानावर क्रेडिट कार्डाचा नंबर मागितला की समजा तुम्ही चुकीच्या पानावर आलात, मागे फिरा. फ्रीझसाठी नाव, पत्ते, जन्मतारीख, एसएसएन लागतं, अकाउंट उघडावं लागतं आणि काही वेळा ओळख पटवायला जुने पत्ते किंवा जुनी कर्जं यावर प्रश्न विचारतात. अमेरिकेत नवीन आलेल्यांची क्रेडिट हिस्टरी छोटी असते म्हणून कधी कधी इथे गाडी अडते आणि साइट म्हणते की ओळख पटली नाही. अशा वेळी त्याच ब्युरोला फोन करा, आणि कागद पाठवा म्हणाले तर अपलोडची सोय आहे का ते आधी विचारा.

नवरा-बायकोचं फ्रीझ वेगळं वेगळं करावं लागतं, जॉइंट असा प्रकार नाही. म्हणजे दोघांचं मिळून सहा वेळा तेच तेच भरायचं, एका संध्याकाळी बसून उरकून टाका. मुलांचंही करता येतं, १६ वर्षांखालच्या मुलासाठी आई-वडील फुकट फ्रीझ मागू शकतात, पण त्याला बर्थ सर्टिफिकेट, एसएसएन कार्ड आणि तुमची ओळखपत्रं यांच्या कॉपी द्याव्या लागतात. हे बरेच जण टाळतात आणि मला ते बरोबर वाटत नाही, कारण लहान मुलाच्या नंबरावर कोणी काही उघडलं तर घरात कोणाला पत्ताच लागत नाही, तो मोठा होऊन पहिलं कार्ड किंवा एज्युकेशन लोन मागायला जातो तेव्हा कळतं.

फ्रीझने स्कोअर कमी होत नाही, चालू कार्डं चालू राहतात, ऑटो-पे चालू राहतं. घर भाड्याने घेताना, कार लोन, नवीन फोन प्लॅन अशा वेळी समोरच्याला विचारायचं की तुम्ही कुठल्या ब्युरोकडून रिपोर्ट काढता, आणि तेवढ्याच ब्युरोचं ठरावीक दिवसांसाठी उठवायचं. तिन्हीकडचे लॉगिन नीट जपून ठेवा, कार डीलरच्या टेबलावर बसून पासवर्ड आठवत बसायला नको.

याच्या जोडीला फ्रॉड अलर्ट लावा. तो कुठल्याही एका ब्युरोला सांगितला की ती बाकीच्या दोघींना कळवते, एक वर्ष राहतो आणि पुन्हा लावता येतो. अलर्ट असला की कर्ज देणाऱ्याने ओळख नीट पडताळायची असते, रिपोर्ट मात्र दिसत राहतो. म्हणून मी अलर्टवर एकट्यावर विसंबून राहायला कोणालाच सांगणार नाही. प्रत्यक्षात गैरवापर झाला असेल आणि तुमच्याकडे आयडेंटिटी थेफ्ट रिपोर्ट (तो कसा मिळतो ते खाली लिहिलंय) असेल तर सात वर्षांचा एक्स्टेंडेड अलर्ट मिळतो.

या तिघांशिवाय अजून काही फायली असतात ज्यांचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. नवीन बँक अकाउंट उघडताना बऱ्याच बँका चेक्ससिस्टम्सकडे बघतात, फोन आणि वीज-गॅसच्या कनेक्शनसाठी एनसीटीयूई, आणि इनोव्हिस ही चौथी क्रेडिट ब्युरो. तिघांकडेही फुकट फ्रीझ होतं. एसएसएन गेला असेल तर चेक्ससिस्टम्सचं तरी नक्की करा, कारण चोरलेले चेक वटवायला तुमच्याच नावाने नवीन अकाउंट उघडणं हा ठरलेला मार्ग आहे.

चेक गेला असेल तर

हे मी जरा सविस्तर लिहिते कारण सध्या मेल चोरीत सगळ्यात जास्त नुकसान इथे होतंय. अमेरिकेच्या ट्रेझरीच्या फिनसेन या विभागाने फेब्रुवारी २०२३ मध्ये खास मेल चोरीतून होणाऱ्या चेक फ्रॉडबद्दल बँकांना अलर्ट काढला होता.

चेक धुणं म्हणजे काय होतं ते बघा. तुम्ही साध्या बॉलपेनने विजेच्या बिलाचा ८४ डॉलरचा चेक लिहून पाठवला. चोर सहीवर टेप लावून किंवा ती सांभाळून बाकीचा चेक नेलपॉलिश रिमूव्हरसारख्या द्रावणात टाकतो, शाई विरघळून निघते, छापलेलं सगळं आणि तुमची खरी सही तशीच राहते. वाळला की वर नवीन नाव, नवीन रक्कम. सही खरी असल्यामुळे बघणाऱ्याला शंकाही येत नाही. काही जण तर धुवायच्या भानगडीतही पडत नाहीत, चेकच्या खालच्या ओळीत राउटिंग नंबर आणि अकाउंट नंबर असतोच, त्यावरून नवीन चेक छापतात.

म्हणूनच एका चेकवर स्टॉप पेमेंट टाकून थांबू नका. त्याने तो एक चेक थांबेल, छापलेले नवे चेक थांबणार नाहीत. बँकेत शक्यतो ब्रँचमध्येच जा, चेक मेलमधून चोरीला गेलाय असं स्पष्ट सांगा आणि ते अकाउंट बंद करून नव्या नंबरचं अकाउंट मागा. पगाराचं डायरेक्ट डिपॉझिट, भाडं, मॉर्टगेज, डेकेअर, इन्शुरन्स असं त्या अकाउंटला काय काय जोडलेलं आहे त्याची यादी आधी करून न्या, आणि बदल होईपर्यंत जुन्या अकाउंटमध्ये फक्त ओळखीचे व्यवहार जाऊ देता येतील का ते विचारा, काही बँका तशी सोय करतात. मधल्या काळात स्टॉप पेमेंट टाकलंत तर लेखी टाका. सर्वसाधारण नियम असा आहे की तोंडी सांगितलेलं १४ दिवसांत लेखी पक्कं केलं नाही तर संपतं आणि लेखी सहा महिने टिकतं.

आणि अकाउंट तपासताना नुसती रक्कम बघू नका, चेकचा फोटो उघडून बघा, पुढूनही आणि मागूनही. चोर पुष्कळदा रक्कम तीच ठेवतो आणि फक्त नाव बदलतो, मग स्टेटमेंटमध्ये ८४ डॉलरची ओळ अगदी बरोबर दिसते, तुम्ही निश्चिंत, आणि दोन महिन्यांनी वीज कंपनीची बिल भरलं नाही म्हणून नोटीस येते. बदललेला चेक दिसला की त्याच दिवशी बँकेला कळवा आणि ॲफिडेव्हिट भरून द्या. उशीर केला तर बँक हात वर करू शकते, अकाउंटच्या करारात यासाठी दिवस ठरवून दिलेले असतात, बरेचदा स्टेटमेंट निघाल्यापासून ३०. आणि पैसे लगेच परत येतील अशी अपेक्षा ठेवू नका, तुमची बँक ज्या बँकेत चेक जमा झाला तिच्याकडून पैसे मागते आणि त्यात आठवडे, कधी कधी महिने जातात. दर आठवड्याला फोन करून क्लेम नंबर सांगून विचारत राहा.

यापुढे चेक लिहायचाच असेल तर काळ्या जेल पेनने, ती शाई कागदात मुरते आणि सहजासहजी धुतली जात नाही. पण खरं सांगायचं तर ऑनलाइन भरता येत असेल तर चेक लिहूच नका.

कार्ड

नवीन कार्ड वाटेतच गेलं असेल तर जुन्या कार्डामागचा किंवा बँकेच्या साइटवरचा नंबर लावा, गूगलवर वर वर दिसणारा कुठलाही नंबर नको. फोनवर तीन गोष्टी करून घ्या: ते कार्ड बंद, नवीन कार्ड नवीन नंबराचं, आणि फाइलवरचा पत्ता, फोन, ईमेल तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. तिसरी गोष्ट लोक विसरतात. चोर हुशार असेल तर आधी फोन नंबर किंवा ईमेल बदलतो म्हणजे सगळे अलर्ट त्याच्याकडे जातात. नवीन कार्ड ब्रँचमध्ये घेता येईल का किंवा सही घेऊन देणाऱ्या कुरियरने येईल का तेही विचारा.

क्रेडिट कार्डावर कायद्याने तुमची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर, आणि बहुतेक कंपन्या तेवढेही घेत नाहीत. डेबिट कार्डाचं तसं नाही. कार्ड गेल्याचं कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत सांगितलं तर ५० डॉलरपर्यंत, त्यानंतर ५०० पर्यंत, आणि स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत कळवलं नाही तर त्यापुढे गेलेल्या पैशांना मर्यादाच नाही. त्यामुळे डेबिट कार्ड मेलमध्ये होतं असा नुसता संशय असला तरी फोन आजच.

एसएसएन बाहेर गेला असेल तर टॅक्स आणि नोकरी

आयआरएस, म्हणजे टॅक्स खातं, त्यांच्याकडून आयपी पिन घ्या. हा सहा आकडी नंबर असतो, तो टाकल्याशिवाय तुमच्या एसएसएनवर कोणी ई-फाइल करू शकत नाही, दरवर्षी नवीन मिळतो आणि आयटीआयएन (एसएसएन नसलेल्यांना मिळणारा टॅक्स नंबर) असलेल्यांनाही घेता येतो. ओळख पटवून ऑनलाइन घेतला तर लगेच मिळतो. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असले तरी दोघांनी आपापला घ्यायचा. आणि तुम्ही रिटर्न भरायला गेलात आणि या नंबरावर आधीच रिटर्न आलाय म्हणून तो रिजेक्ट झाला तर फॉर्म १४०३९ भरा आणि आपला रिटर्न कागदावर पाठवा, भरायचं टाळू नका. रिफंडचा चेक मेलमधून गेला असेल तर फॉर्म ३९११ वर तपास मागता येतो.

सोशल सिक्युरिटीच्या साइटवर माय सोशल सिक्युरिटी अकाउंट स्वतः उघडा म्हणजे दुसरा कोणी तुमच्या नावाने उघडायची शक्यता कमी होते, आणि तिथे तुमच्या नावावर दरवर्षी किती कमाई लागलीय तेही दिसतं, तुम्ही न केलेली नोकरी तिथे दिसली तर लगेच कळतं. मायई-व्हेरिफायमध्ये सेल्फ लॉक आहे, त्याने ई-व्हेरिफाय (नोकरीवर घेताना कामाची परवानगी तपासायची सरकारी सिस्टम) वापरणाऱ्या कंपनीत तुमचा एसएसएन दुसरा कोणी वापरला तर तो अडकतो. फक्त तुम्ही स्वतः नोकरी बदलणार असाल तर जॉइन व्हायच्या आधी तो काढा, नाहीतर तुमचंच मिसमॅच येईल, आणि एच-१बी ट्रान्सफरच्या गडबडीत ते नको असतं.

पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी (वर्क परमिट)

यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशन खातं, कार्ड पाठवतं त्याचा यूएसपीएस ट्रॅकिंग नंबर तुमच्या ऑनलाइन अकाउंटमध्ये दिसतो, तो बघा. डिलिव्हर्ड दाखवतंय आणि हातात काही नाही, तर आधी पोस्टात जाऊन विचारा, कधी कधी पाकीट शेजारच्या बॉक्समध्ये पडलेलं असतं. नाही मिळालं तर यूएससीआयएसकडे कार्ड मिळालं नाही अशी ऑनलाइन रिक्वेस्ट टाका, आणि पोस्टाने काय सांगितलं, कोणत्या तारखेला, ते लिहून ठेवा, पुढे नवीन कार्डासाठी अर्ज करावा लागला तर हाच पुरावा कामाला येतो. घर बदललं असेल तर एआर-११ हा पत्ता बदलाचा फॉर्म दहा दिवसांत भरायचा असतो हे माहीतच असेल, पण नुसता पोस्टात पत्ता बदलून भागत नाही, यूएससीआयएसला स्वतंत्र कळवावं लागतं.

अमेरिकन पासपोर्ट मेलमध्ये गहाळ झाला तर स्टेट डिपार्टमेंटला लगेच कळवा. भारतीय पासपोर्ट असेल तर पोलीस रिपोर्ट घ्या, कॉन्सुलेटकडून नवीन मिळवताना तो मागतातच, आणि आत व्हिसा असेल तर तो ज्या अमेरिकन कॉन्सुलेटने दिला त्यांनाही कळवा.

आता तक्रारी

मेल चोरी हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे करायची, यूएसपीआयएस डॉट गव्ह वर किंवा १-८७७-८७६-२४५५ या नंबरवर. तुमचं पाकीट ते शोधून आणून देतील असं समजू नका, पण एकाच भागातून तक्रारी आल्या तर त्यांना टोळी शोधायला मदत होते, म्हणून शेजाऱ्यांनाही करायला लावा. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये चोर ॲरो की वापरतात, एका किल्लीने त्या भागातले कितीतरी बॉक्स उघडतात आणि कुलूप तुटलेलं दिसतही नाही, त्यामुळे कुलूप शाबूत आहे म्हणून चोरी झाली नसेल असं मानू नका.

दुसरी तक्रार एफटीसी या ग्राहकांच्या संरक्षणासाठीच्या सरकारी संस्थेकडे, आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह. इथे माहिती भरली की तुमच्या केसप्रमाणे पायऱ्यांची यादी आणि ब्युरोंना पाठवायची पत्रं तयार मिळतात, आणि गैरवापर झाला असेल तर आयडेंटिटी थेफ्ट रिपोर्ट मिळतो. हा रिपोर्ट सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे, पुढचे बरेचसे हक्क त्यावरच मिळतात. अकाउंट बनवून भरा म्हणजे नंतर बदल करता येतो, आणि पीडीएफ लगेच सेव्ह करा. पोलिसांकडे जायची गरज प्रत्येक वेळी नसते, पण कोणी चोरी केली ते माहीत असेल, किंवा कर्ज देणारी कंपनी मागत असेल, किंवा तुमच्या नावाने कोणी पोलिसांत सापडला असेल तर जा, एफटीसीचा रिपोर्ट, फोटो आयडी आणि पत्त्याचा पुरावा घेऊन.

पुढचा मेल वाचवायचा कसा

इन्फॉर्म्ड डिलिव्हरी आजच चालू करा, फुकट आहे. ते चालू करायचं अजून एक कारण म्हणजे तुमच्या पत्त्यावर दुसऱ्याने तुमच्या नावाने ते चालू केलं तर कुठलं पाकीट कधी येणार ते त्याला घरबसल्या दिसतं, २०१८ मध्येच सीक्रेट सर्व्हिसने याबद्दल सावध केलं होतं. पोस्टाकडून पत्ता बदलल्याचं कन्फर्मेशन पत्र आलं आणि तुम्ही बदललेला नसेल तर ते जाहिरात समजून फेकू नका, त्याच दिवशी पोस्टात जा, कोणीतरी तुमचा सगळा मेल वळवतोय.

बाहेर जाताना होल्ड मेल लावा, पोस्टवाले तुमचा मेल ३० दिवसांपर्यंत त्यांच्याकडेच ठेवतात. भारतात महिन्याभराहून जास्त जाणार असाल तर मेल फॉरवर्ड करायचं बघा किंवा विश्वासातल्या माणसाला किल्ली द्या. महत्त्वाचं पत्र पोस्टाच्या आत काउंटरवर द्या. निळ्या बॉक्समध्ये टाकायचंच असेल तर त्यावर लिहिलेल्या शेवटच्या पिकअपच्या आधी टाका, रात्री किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी नको. वारंवार चोरी होत असेल तर पीओ बॉक्स घेतलेला परवडतो.

प्री-अप्रूव्ह्ड ऑफर बंद करायला ऑप्टआउटप्रीस्क्रीन डॉट कॉम किंवा १-८८८-५६७-८६८८, पाच वर्षांसाठी ऑनलाइन होतं, कायमसाठी एक फॉर्म सही करून पाठवावा लागतो. स्टेटमेंट आणि टॅक्सचे कागद जेवढे ऑनलाइन करता येतील तेवढे करा. फोन कंपनीकडे अकाउंट पिन आणि नंबर लॉक लावा, कारण तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर गेला की बँकेचे ओटीपीही तिकडेच जातात.

आणि फोन-मेसेज येतील त्यासाठी तयार राहा. तुमच्या स्टेटमेंटवरून चोराला बँकेचं नाव, शेवटचे चार आकडे, कधी कुठे खर्च केला हे सगळं माहीत असतं, तो बँकेच्या फ्रॉड डिपार्टमेंटचा माणूस म्हणून बोलतो आणि ते आकडे सांगून विश्वास मिळवतो, मग म्हणतो आलेला कोड सांगा. सांगू नका, फोन ठेवा आणि कार्डामागच्या नंबरवर तुम्ही स्वतः करा. घरात वयस्कर आई-वडील आलेले असतील तर त्यांनाही हे समजावून ठेवा, लँडलाइन किंवा त्यांचा फोन वाजला तर ते बिचारे भिडस्तपणे उत्तरं देत बसतात.

काही उघडलंच गेलं असेल तर

ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम वर तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट आठवड्याला एकदा फुकट मिळतात. पहिले आत्ता काढा, मग पुढचे काही महिने दर महिन्याला आणि नंतर वर्षभर अधूनमधून, कारण नवीन अकाउंट रिपोर्टवर दिसायला वेळ लागतो आणि चोरलेली माहिती कोणीतरी सहा महिन्यांनीही वापरू शकतो. स्कोअर बघून उपयोग नाही, अकाउंटची नावं, तुम्ही न राहिलेले पत्ते आणि हार्ड इन्क्वायरी, म्हणजे कर्जाच्या किंवा कार्डाच्या अर्जासाठी कोणी तुमचा रिपोर्ट बघितल्याची नोंद, बघा. अनोळखी इन्क्वायरी म्हणजे कोणीतरी प्रयत्न केलाय, त्या कंपनीला लगेच फोन.

अनोळखी अकाउंट दिसलं की त्या कंपनीच्या फ्रॉड विभागाला अकाउंट बंद करायला सांगा आणि हे अकाउंट तुमचं नाही, तुमची काही देणी नाहीत असं लेखी पत्र मागा. ते पत्र कायम जपा, हीच भानगड दोन वर्षांनी दुसऱ्या वसुलीवाल्याकडून परत येते. ब्युरोंना आयडेंटिटी थेफ्ट रिपोर्ट, ओळखपत्र आणि कुठली नोंद खोटी आहे ते पाठवलं की ती नोंद त्यांना चार कामकाजाच्या दिवसांत ब्लॉक करावी लागते. ज्या कंपनीने चोराला कर्ज दिलं तिच्याकडे तुम्ही अर्जाची आणि व्यवहारांची कॉपीही मागू शकता, ३० दिवसांत फुकट द्यावी लागते, आणि त्या अर्जावर चोराने दिलेला फोन नंबर आणि पत्ता असतो, तो पोलिसांना आणि पोस्टल इन्स्पेक्टरला द्या.

प्रत्येक फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि केस नंबर एका वहीत लिहा. पत्रं सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीट घेऊन, ओरिजिनल कागद कधीच नाही, फक्त कॉपी. आणि वसुलीवाल्याचं पहिलं पत्र आलं तर ते आपलं नाही म्हणून बाजूला टाकू नका, ३० दिवसांच्या आत लेखी कळवा की हे कर्ज तुमचं नाही आणि सोबत रिपोर्टची कॉपी जोडा. लेखी गेलं की पुरावा दाखवेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते, नुसतं फोनवर सांगून तो हक्क मिळत नाही.